शेंदरातला शंख

नागापुरे बाईंनी हातात दगड दिला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. माझी तर पहिल्याच भेटीत झाली. चंद्रपूरच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो, आणि भूशास्त्र विभागात चहा बरा मिळतो असं कळल्यामुळे तिकडे डोकावलो होतो. बाई टेबलाशी बसल्या होत्या. बेताची उंची, आवळून बांधलेले केस, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"डोळे मिटा," म्हणाल्या, आणि माझ्या तळहातावर काहीतरी थंडगार ठेवलं. "आता सांगा."

"काय सांगू?"

"हातात काय आहे ते. बोट फिरवा अन् सांगा. मराठीचे आहात ना? म्हणजे शब्द तर असतील."

मी बोट फिरवलं आणि म्हटलं, गोगलगाय दिसते, दगडाची.

"एवढं तर माह्या मायनंही सांगितलं असतं. वेढे किती? दोन वेढ्यांमधली शिवण खोल आहे का उथळ? टोक बोथट का अणकुचीदार? ओठ जाड का पातळ?"

मी एकेक करून अंदाज ठोकत गेलो. शेवटी त्यांनी विचारलं, तोंड कोणत्या बाजूला आहे, आणि मी हळूच एक डोळा किलकिला केला.

"डोळे कोनं उघडाले सांगितले?"

आवाज चढलेला नव्हता, पण मला शाळेतला जुना घाम फुटला. चहा आला, निवला आणि परत गेला. जाताना मी ठरवलं की या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनीच बोलावणं धाडलं.

त्यांना माझी गरज होती ती शब्दांसाठी. कोरपन्याकडच्या काळ्या मातीखाली जुन्या लाव्ह्याचे थर आहेत, आणि दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तळ्याचा गाळ अडकून दगड झालेला आहे. त्या गाळात गोगलगायींचे शंख सापडतात, तेही दगड झालेले. बाईंनी उभी हयात त्या शंखांची वर्णनं लिहिण्यात घातली. शोधनिबंध इंग्रजीत जायचा, पण बाईंचा दंडक असा की वर्णन आधी मराठीत लिहायचं. "माह्या मायले समजलं पायजे," म्हणायच्या. माय सावली गावच्या बाजारात मासोळ्या विकायची, बाप वैनगंगेत नि गावच्या तळ्यांत जाळं टाकायचा. लहानपणी बाई गुडघाभर गाळात उतरून पायाच्या बोटांनी शिंपले चाचपून काढायच्या. ते कसब पुढे हाताच्या बोटांत आलं, एवढाच फरक, असं त्या सांगायच्या.

शिखर, वेढा, शिवण, ओठ हे शब्द आमचे चटकन ठरले. शंखाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्याला मी नाभी सुचवली. बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाभी देवाले असते, सर. गोगलगाईले बेंबीच." बेंबी कायम झाली.

विद्यार्थी त्यांना टरकून असत. प्रयोगपरीक्षेत बाई मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधत. आधी बोट, मग डोळा, मग पेन, हा त्यांचा क्रम, आणि तो मोडणाऱ्याची गय नव्हती. एका मुलानं पुस्तकातलं वर्णन जसंच्या तसं उतरवलं तर बाईंनी त्याचा पेपर बाजूला ठेवला आणि त्याला उन्हं उतरेपर्यंत त्या एका शंखासमोर बसवून ठेवलं. मुलगा रडकुंडीला आला. मला ते फार वाटलं आणि मी तसं बोललोही. "शंख खोटा नाई बोलत," बाई शांतपणे म्हणाल्या, "मंग आपन काऊन बोलाचं?"

आणि त्यांचा तो कणकेचा डबा. फील्डवर जाताना बाकीचे विभाग कॅमेरे घेत, दुर्बिणी घेत. बाईंच्या पिशवीत हातोडी, ब्रश आणि स्टीलच्या डब्यात घट्ट भिजवलेली कणीक. कारण पुष्कळदा शंख विरघळून गेलेला असतो आणि दगडात उरतो तो त्याचा नुसता खळगा, छाप. दर वर्षी नव्या वर्गाला हा धडा द्यायला त्या प्राचार्यांच्या टेबलावरचा रबरी शिक्का मागवायच्या. "वाचा," म्हणायच्या. मुलं वाचायची तर अक्षरं उलटी. मग तो कागदावर उमटवायच्या. "छापही असाच. शंखाचं डावं असंल तर खळग्यात उजवं दिसते. म्हणून छाप पाहून वर्णन नाई लिहाचं. खळग्यात कणीक दाबाची, काढाची, अन् त्या ठशावरून लिहाचं." मुलं मागे हसत, चपात्यांची बाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं.

डावं-उजवं हे त्यांच्या शास्त्रात भलतंच महत्त्वाचं. शंख टोक वर करून, तोंड आपल्याकडे करून धरायचा. कोरपन्याकडची ती तळ्यातली नेहमीची गोगलगाय डावी, म्हणजे तसं धरलं की तिचं तोंड डाव्या हाताला येतं. समुद्री शंख बहुतेक उजवे. तेवढ्यावरून समुद्र ठरत नाही, बाई बजावायच्या, कारण तळ्यातही उजव्या गोगलगायी असतात. पण तोंड उजवीकडे आणि शिवाय तोंडाच्या खालच्या टोकाला तोटीसारखी खाच, असं दोन्ही मिळालं तर मग वेगळी गोष्ट होती.

ती वेगळी गोष्ट बाईंना हवी होती. नुसती हवी नव्हती, त्यांचा जीव अडकला होता त्यात. आमच्याकडे सिमेंटच्या कारखान्यांना पुरवतात तो चुनखडक समुद्राचाच आहे, पण तो फार जुना, शंख जन्माला येण्याच्याही आधीचा. लाव्ह्याच्या काळात समुद्राचा एखादा फाटा आत शिरत शिरत कोरपन्यापर्यंत आला होता, असा बाईंचा अंदाज होता. पुरावा मात्र एकही नव्हता, आणि पुराव्यावाचून त्या तोंड उघडत नसत. फक्त कधी संध्याकाळी विभाग रिकामा झाला की माझ्यासमोर बोलायच्या. मी एकदा विचारलं, बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का? नव्हता पाहिला. कॉलेजची सहल कोकणात गेली तरी त्या गेल्या नाहीत.

"मी कशाले जाऊ? तो इथी येऊन गेला का नाई, तेवढं पाहाचं आहे मले."

वैशाली कोहपरे ही त्यांची विद्यार्थिनी. त्यांच्याच हाताखाली शिकली, त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागली, आणि तशीच वर्षानुवर्षं शिकवत राहिली. कायम जागा निघतच नव्हती. तिचा नवरा राजुऱ्याला छोटं दुकान चालवायचा, घरी सासूसासरे. दर उन्हाळ्यात तासिका बंद व्हायच्या आणि वैशाली चेहरा पाडून बाईंच्या टेबलाशी बसायची. बाई तिला धीरबीर देत नसत. एखादा शंख पुढे सरकवायच्या.

तिलाच एका दगडाची बातमी लागली. कोरपना तालुक्यातल्या एका गावी शेतात विहीर खोदताना निघालेली फरशी, आणि तिच्यावर शंख. पण वैशाली पोचेपर्यंत घरच्यांनी फरशी बांधावरच्या कडुलिंबाखाली मांडली होती. शंख म्हणजे देवच, आणि विहिरीला पाणीही लागलं होतं. मारुतीला लावतात तसा त्याला शेंदूर लागला, दर शनिवारी नवा हात. घरचे म्हातारे डोमाजीभाऊ कोणाला शिवू देईनात. वैशालीनं बरंच विनवलं. शेवटी दोन हात लांबून फोटो काढायची परवानगी मिळाली. दिवस कलला होता, म्हणून तिनं मोबाइलचा टॉर्च जमिनीशी धरून फोटो काढले.

त्याच सुमारास बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. धुळीत जायची सक्त मनाई. वैशालीनं फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून दाखवले. शंख कसा टेंगळासारखा वर आलेला दिसत होता. तोंड उजवीकडे. तोंडाच्या खालच्या टोकाला तिरपी खाच. बाई एका डोळ्यानं कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि शिपायाला हाक मारून सगळ्या विभागाला आलुबोंडे मागवले, तेही ऐन परीक्षेत. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मी चेष्टेनं म्हटलं, "बाई, बोट फिरवलंत का?"

"फोटो आहे ना समोर," त्या एकदम फटकारून बोलल्या. मी आलुबोंड्याकडे वळलो.

वर्णन दोघींनी मिळून लिहिलं. वैशालीचं नाव पहिलं, बाईंचं दुसरं. निबंध स्वीकारला गेला, छापून यायचा तेवढा बाकी होता. गावातल्या पेपरवाल्यांना वास लागला आणि 'कोरपन्यात समुद्र!' असा मथळा झळकला. प्राचार्यांनी गेटावर फ्लेक्स लावला, त्यावर समुद्राच्या लाटा, मध्ये वैशालीचा फोटो. आणि नेमकी तेव्हाच विभागातली कायम जागा निघाली. आता वैशालीशिवाय कोण, असं सगळेच धरून चालले. तिच्या सासूनं म्हणे नवसाचं बोलून ठेवलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. डोळ्यांवर ऑपरेशनपासून लावलेला काळा चष्मा, हातात कणकेचा डबा.

"सर, गाडी आणली ना तुम्ही? कोरपन्याले जाचं आहे. वैशालीलेही घ्या."

"आज? अहो, उद्या तिची मुलाखत आहे."

"म्हणूनच आज."

काय झालं होतं ते वाटेत कळलं. बाईंनी पहिल्या तासाला नव्या वर्गाला शिक्क्याचा धडा दिला होता. तो संपताच एका मुलीनं साधेपणानं विचारलं होतं, बाई, कोरपन्याच्या शंखाचा ठसा दाखवा ना. बाईंकडे ठसा नव्हता. तास तिथेच सोडून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

 गडचांदूरच्या अलीकडे सिमेंटच्या ट्रकांची रांग लागली, काचांवर पांढरी धूळ बसली. बाई मांडीवर डबा धरून ताठ बसून होत्या. मागच्या सीटवर वैशाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मध्येच प्राचार्यांचा फोन आला. बाई एवढंच म्हणाल्या, "नाई, काही झालं नाई. आमी पाहून येतो." 

लिंबाखाली डोमाजीभाऊ बसलेलेच होते. जवळ त्यांची सून अंजनाबाई कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करत होती. बाईंनी डबा उघडला तसे म्हातारे उठून मध्ये आले.

"देवाले कणीक लावता काय? नाई जमत, बाई. तुम्ही कोनीही असा."

बाईंनी वाद घातला नाही. डबा बंद केला आणि बांधावर बसल्या. आम्हीही उभे राहिलो, काय करावं कळेना. शेंदराच्या थरांनी आता फरशीवरचा शंख पार बुजून गेला होता, नुसता एक लाल गुळगुळीत गोळा दिसत होता. अंजनाबाईनं पाणी आणून दिलं. बाईंनी तांब्या हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"माय," त्या अंजनाबाईला म्हणाल्या, "ह्या पोरीनं तुमच्या देवाचं वर्णन लिहिलं. म्या त्याच्यावर सही केली. हात न लावता केली. सगळ्या जन्मात तशी सही म्या केली नव्हती. आता मले चैन नाई पडून राह्यली."

अंजनाबाई वैशालीकडे बघत राहिली. वैशालीनं मान खाली घातली होती. मग अंजनाबाई सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, चैतात खोळ काढतोच ना आपन? आज काढली तर काय होते?"

वर्षभर शेंदूर चढवत गेलं की त्याचं जाड कवच होतं, ते जुनं कवच, म्हणजे खोळ, एकदा सोडवायचं आणि नव्यानं शेंदूर लावायचा, हा तिकडचा रिवाज. डोमाजीभाऊंनी वेळ घेतला. लिंबाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं.

"काढ," शेवटी म्हणाले. "पन खोळ जमिनीले टेकू देऊ नको. नदीत सोडा लागते."

अंजनाबाईनं हात धुतले. कडेनं तेल सोडलं, अंगठ्यानं हळूहळू कवच उचकटत आणलं. मला वाटलं, तुकडे पडणार. पण ते अख्खं सुटून तिच्या तळहातावर आलं. कवचाखाली फरशीवर शंख नव्हताच. तिथे होता खळगा. इतके दिवस आम्ही ज्याला शंख म्हणत होतो तो छाप होता. पातळ शेंदूर आणि खालून धरलेला टॉर्च, यामुळे फोटोत तो वर आलेला दिसला होता.

अंजनाबाईनं खोळ उलटी केली. तिच्या हातावर शेंदराचा शंख होता, वेढे, शिवण, ओठ सगळं उमटलेला. बाईंच्या कणकेचं काम देवाच्या शेंदरानं करून ठेवलं होतं. तोंड कोणत्या बाजूला ते मला लांबूनही दिसत होतं.

"वैशाली, डोळे मिट," बाई म्हणाल्या.

वैशालीनं ओंजळ पुढे केली. अंजनाबाईनं खोळ तिच्या हातावर ठेवली. वैशालीचं बोट टोकापासून निघालं, वेढ्यावेढ्यानं खाली आलं आणि तोंडाशी थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"डावं," ती म्हणाली.

"अन् खाच?"

तिनं डोळे उघडून फरशीकडे पाहिलं. खाच तोंडाशी थांबत नव्हती. शंखाची हद्द ओलांडून फरशीच्या कडेपर्यंत गेली होती. "खाच नाई, बाई. दगडाले तडा आहे."

म्हणजे तळ्यातली तीच नेहमीची डावी गोगलगाय. समुद्र वगैरे काही नाही. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या दगडात वैशालीची नोकरी होती तसा बाईंचा समुद्रही होता, आणि दोन्ही एकदमच गेलं.

परतीच्या वाटेवर वैशाली बोलली. खोळ तिच्याच ओंजळीत होती. "बाई, उद्या एक दिवस नका काढू हा विषय. जागा होऊ द्या. मंग आपन दुरुस्ती पाठवू. मी स्वतः पाठवीन."

बाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. "कमिटीत मी आहो, वैशाली."

"म्हणूनच म्हणते. बाकी कोनी विचारनार नाई."

"मी विचारीन. सही माही आहे."

माझं डोकं फिरलं. मी गाडी चालवता चालवता म्हणालो, "बाई, एक दिवस थांबलात तर काय आभाळ कोसळणार आहे? पोरीच्या पोटावर पाय देताय तुम्ही." मला त्या वेळी त्यांचा खरंच राग आला होता, आणि आजही तो पुरता गेलाय असं म्हणवत नाही.  बाईंनी मांडीवरच्या डब्याचं झाकण दाबून घट्ट बसवलं.

राजुऱ्याच्या पुढे वर्धा नदीच्या पुलाशी मी गाडी थांबवली. खोळ सोडायची होती. बाई उतरल्या नाहीत. वैशाली एकटी घसरणीवरून पाण्याकडे गेली. काठाशी ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. खोळीवर तिचं बोट फिरत असावं, तिचा कोपर हलताना दिसत होता. मग ती वाकली, आणि हात रिकामे घेऊन वर आली.

दुसऱ्या दिवशी मी मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होतो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण वर्गात लक्ष लागेना. वैशाली आत गेली. थोड्या वेळानं शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला, त्यानं खांद्यानं दार ढकललं, आणि बाईंचा आवाज आला. नेहमीचा, प्रयोगपरीक्षेतला.

"कोहपरे मॅडम, शंखाचं तोंड कोणत्या बाजूला आहे?"

ट्रे घेऊन शिपाई दारातच थबकला.   ती काहीही म्हणू शकत होती, आणि बाईंनी त्यावर काय केलं असतं याची मला कल्पनाच करवेना.

"डावीकडे," वैशाली म्हणाली. "माझं वर्णन चुकलं आहे. मी छापावरून लिहिलं."

"आमचं म्हणा," बाई म्हणाल्या. "तपासलं मी होतं." मग दार लागलं.

जागा दुसऱ्याला गेली. निबंध मागे घेतला. पेपरांनी ती बातमी छापली नाही, फ्लेक्स मात्र त्याच आठवड्यात उतरला. वैशालीनं तासिका सोडल्या आणि धानोऱ्याला एका ज्युनिअर कॉलेजात लागली, तिथेही तासिकांवरच. जाताना ती विभागात आली नाही. बाईंनी तिला फोन केला नाही. मी एकदा म्हटलं, करा ना, तर म्हणाल्या, "काय सांगू? म्या विचारलंच नसतं असं थोडंच म्हणता येते." त्यानंतर विभागात आलुबोंडे कधी आले नाहीत. निवृत्तीच्या समारंभात बाई चार वाक्यं बोलल्या, हातोडी विभागाला देऊन टाकली, आणि कणकेचा डबा घेऊन सावलीला भावाकडे राहायला गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. अंगणात खाटेवर बसल्या होत्या, समोर भावजय मासोळ्या साफ करत होती. माझ्या पायरवावरून त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "आता फक्त बोटच राह्यलं, सर. डोळ्याची भानगडच मिटली." त्या हसल्या.

आम्ही बोलत असतानाच फाटकापाशी वैशाली दिसली. धानोऱ्याहून एसटीनं आली होती, खांद्याला जड पिशवी. मी दचकलोच. त्या मुलाखतीनंतर दोघी भेटल्या नव्हत्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर तिनं हातानं मला थांबवलं. ती खाटेजवळ आली, पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी दगडाला हात लावला. मग मान वर न करता म्हणाल्या, "वैशाली?"

"हो, बाई."

"कुठचा?"

"त्याच कोरपन्याच्या विहिरीतला, पन नवा. विहीर आनखी खोल केली त्यांनी. अंजनाबाईनं मलेच फोन केला. म्हने, आधी तुम्ही हात लावून घ्या, मंग आमी शेंदूर लावतो."

 बाईंचं बोट दगडावर फिरू लागलं होतं. "छाप आहे," म्हणाल्या. "खळगा." बोट टोकाशी गेलं. "टोक अणकुचीदार. वेढे उंच. शिवण खोल." भावजयीचा विळीवरचा हात थांबला. बाई शेवटच्या वेढ्यावर आल्या, तिथून तोंडाशी. तोंड खळग्याच्या डाव्या बाजूला होतं, मला दिसत होतं. खळग्यात डावं म्हणजे शंख उजवा, एवढं आता मलाही कळत होतं. मी वैशालीकडे पाहिलं. ती बाईंच्या बोटाकडे बघत होती आणि तिनं ओठ घट्ट मिटून धरले होते.

बोट तोंडाच्या कडेनं खाली सरकलं. खालच्या टोकाशी गेलं आणि तिथेच राहिलं. तिथे तोटी होती. तडा नव्हता, कारण दगड तिच्यापुढे सपाट आणि अखंड होता. बाईंनी तेही चाचपून पाहिलं, दगडाच्या कडेपर्यंत जाऊन आल्या. परत तोटीशी आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता म्हणतील. समुद्र हा शब्द त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसत होता.

त्यांनी दगडावरचा हात उचलला आणि दोन्ही हात मांडीत घट्ट आवळून धरले.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "आत शिंक्याखाली माहा स्टीलचा डबा आहे. कणीक भिजव. पानी कमी घाल, घट्ट पायजे."